विश्वेशकडची कामं

गर्ग्यांच्या घरात सकाळचा पहिला दिवा विश्वेश लावायचा. मखमलाबाद नाक्याजवळच्या त्यांच्या इमारतीत पिण्याच्या पाण्याचा नळ साडेपाचला यायचा आणि सव्वासहाला जायचा. तेवढ्यात पिंप आणि कळश्या भरून घ्यायच्या. मग दूध तापवायचं, आईला चहा द्यायचा, बाबांच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायच्या. साडेसातला बाबांना उठवून बसवायचं आणि तिथून पुढचे दीड-दोन तास बाबांचे. संडास, तोंड धुणं, एक दिवसाआड दाढी, आंघोळ, कपडे. त्यानंतर पोळ्या. दोन वर्षांपूर्वी आईच्या मनगटाचं हाड मोडलं तेव्हापासून पोळ्या त्याच्याकडे आल्या होत्या, आणि आपल्यापेक्षा त्याच्या पोळ्या मऊ होतात असं आईच शेजारणींना सांगायची.

विश्वेश एकोणतीस वर्षांचा होता. इतिहासात एम. ए. झालेला. त्यानंतर चार वर्षं पुण्यात राहून त्यानं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. तीनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्य एकदाही निघाली नाही. शेवटच्या वर्षी तर तो अभ्यासिकेत जाऊन नुसतं पुस्तक उघडून बसायचा. पानं उलटायचा, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. घरी काय सांगावं हे त्याला कळत नव्हतं. त्याच पावसाळ्यात नाशिकहून आईचा फोन आला की बाबांच्या अंगावरून वारं गेलं.

वेणीमाधव गर्गे एका शाळेत हेडक्लार्क होते, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा गेली. पुढे काही महिन्यांनी चार-पाच शब्द परत आले: हो, नको, पाणी, अगं, आणि ‘ईशू’. विश्वेश म्हणता यायचं नाही, म्हणून ईशू. फोन आला त्या संध्याकाळी विश्वेश बॅग भरून नाशिकला आला तो परत गेलाच नाही. बापासाठी पोरानं करिअर सोडलं, असं नातेवाईक म्हणाले. विश्वेशनं कुणाला ते खोडून सांगितलं नाही. पण त्याला स्वतःला ठाऊक होतं की बाबांच्या आजारपणानं त्याची सुटका केली होती. पहिल्यांदा बाबांना आंघोळ घालून, अंग पुसून, बंडी चढवून खुर्चीत बसवलं तेव्हा त्याला कितीतरी वर्षांनी वाटलं होतं की आज आपण काहीतरी पुरं केलं. ह्या गोष्टीची त्याला लाजही वाटायची.

आभा त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. ती कॉम्प्युटरची इंजिनीअर झाली आणि कॉलेज संपल्या संपल्या अंबडच्या बाजूला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी ती पेढे घेऊन आली, बाबांच्या तोंडात अर्धा पेढा घातला आणि स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, “आई, दर महिन्याला माझा निम्मा पगार घरात.”

“आम्हाला काय करायचेत तुझे पैसे?” गोदावरीबाई म्हणाल्या. “ह्यांचं पेन्शन येतंय ना. तुझं तू साठव.”

“मी इथे राहते, इथे जेवते. माझ्या मैत्रिणी पुण्यात खोलीचं भाडं देतात, डब्याचे पैसे देतात. मी घरात राहते म्हणून फुकट का राहू?”

विश्वेश ओट्यापाशी कणीक मळत होता. त्याला बहिणीचं कौतुक वाटलं. तो म्हणाला, “आई, घे तू. ती मनापासून देतेय.” आणि आईनं डोळे पुसत मान डोलावली. त्या महिन्यात बाबांच्या फिजिओथेरपीचे थकलेले पैसे दिले गेले, आईचा चष्मा बदलला. घरात सगळ्यांनाच जरा हलकं वाटलं.

आभाचा स्वभाव असा, की पैसे देऊन ती गप्प बसली नाही. घरात कुठे काय अडतंय हे ती बघायला लागली. गणपतीच्या सुमारास तिनं पाण्याचा फिल्टर बसवून घेतला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट त्यात येऊ लागलं. “आता दादाला साडेपाचला उठायला नको,” ती म्हणाली. विश्वेश पहिले आठ-दहा दिवस तरीही साडेपाचला उठला, सवयीनं. पिंप आईनं धुऊन पालथं घातलं होतं. तो स्वयंपाकघरात दिवा लावून थोडा वेळ बसायचा आणि परत जाऊन पडायचा.

दिवाळीनंतर पोळ्यांना बायडाबाई आल्या. त्या पेठ तालुक्यातल्या, फुलेनगरात राहणाऱ्या, हाताला चटपटीत. तासाभरात पोळ्या, भाजी, वरण-भात उरकून ओटा चकचकीत पुसून जायच्या. हेही आभानं विश्वेशसाठीच केलं होतं. तिनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “दादा, पुरुष माणूस पोळ्या लाटतोय म्हणून नव्हे हं. तुझा वेळ जातो रे त्यात. तू काहीतरी बघ ना आता स्वतःचं. एखादा कोर्स कर, नोकरी बघ. वय थांबत नाही.”

“बघतो,” तो म्हणाला. ती बोलत होती त्यात चूक काहीच नव्हतं.

भाजीचं मात्र त्याच्याकडे राहिलं होतं. दर बुधवारी तो गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जायचा. दोन कापडी पिशव्या घेऊन, रामसेतू पुलाच्या अलीकडे शेतकऱ्यांच्या बायका बसतात तिथून एकेक जुडी निवडून घ्यायची. कुणाची मेथी कोवळी, कुणाच्या वांग्यात कीड निघत नाही, हे त्याला तीन वर्षांत पाठ झालं होतं. मार्गशीर्षातल्या एका बुधवारी तो पिशव्या भरून जिने चढून आला, तर दारात कागदी पिशव्या. आभानं फोनवरून भाजी मागवली होती. मेथी, कोथिंबीर, गाजर, वांगी, सगळं निवडून, धुऊन, पाकिटात बांधून आलेलं. आईनं ते टेबलावर काढून ठेवलं होतं. त्याच्या शेजारी विश्वेशनं आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या. मेथीचे दोन ढीग झाले.

“अरे, कशाला आणलीस एवढी?” आई म्हणाली. “वाया जाईल आता. तुला सांगितलं नाही का आभानं?”

“नाही.”

“विसरली असेल. बरं, ही बायडाबाईंना देऊन टाकू.”

आणि विश्वेशनं आणलेली मेथी बायडाबाई घेऊन गेल्या. त्यानं पिशव्या झटकून घडी घालून खिळ्याला अडकवल्या. पुढच्या बुधवारी तो गेला नाही. कुणी त्याला का गेला नाहीस म्हणून विचारलंही नाही.

जानेवारीत आभानं आजाऱ्यांसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून माणूस ठरवला. मोतीराम त्याचं नाव. चाळिशीचा, काळासावळा, शांत. सकाळी सात ते अकरा बाबांचं सगळं तो करणार होता. ठरवण्याआधी आभानं विश्वेशला विचारलं होतं. नाही असं नाही.

“दादा, तुझी पाठ किती दुखते हल्ली. बाबांना उचलून उचलून. आणि हा माणूस शिकलेला आहे ह्या कामात.”

“मी करतोय की. मला काही त्रास नाही.”

“तुला नाही, पण मला आहे,” आभा म्हणाली. “माझा भाऊ एम. ए. झालाय आणि घरात बसून... हे मला बघवत नाही रे. लोक मला विचारतात, दादा काय करतो? मी काय सांगू?”

‘घरात बसून’ हे दोन शब्द विश्वेशला लागले, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तो म्हणाला, “ठीक आहे. येऊ दे त्याला.”

मोतीराम आला, पण बाबा त्याला अंगाला हात लावू देईनात. “नको, नको, ईशू,” एवढंच ओरडायचे. डाव्या हातानं त्याला ढकलायचे. मग विश्वेशला पुढे व्हावं लागायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं मोतीरामला जवळ उभं केलं आणि सगळं दाखवायला सुरुवात केली. बंडी घालताना आधी लुळा हात घालायचा, मग चांगला. पाणी डोक्यावरून घ्यायचं नाही, ते घाबरतात, खांद्यावरून घ्यायचं. दाढी करताना आरसा त्यांच्या डाव्या हातात द्यायचा म्हणजे ते हलत नाहीत. चहा बशीत नको, जाड कपात हवा, अर्धाच भरलेला. मोतीराम लक्ष देऊन बघायचा, मान हलवायचा. एकदा म्हणाला, “दादा, आमचा म्हातारा बी दोन वर्सं आथरुणात व्हता. मला ठावं हाय सगळं. पर तुमी सांगा, एकेकाचं येगळं आसतं.”

विश्वेशनं त्याला काही राखून न ठेवता सांगितलं. दाढीचं सामान ठेवायची जागासुद्धा दाखवली.

तरी बाबांचं ‘ईशू, ईशू’ थांबेना. शेवटी आभाच म्हणाली, “दादा, तू समोर दिसतोस ना, म्हणून ते त्याच्याकडून करून घेत नाहीत. फिजिओवाले डॉक्टरही तेच म्हणाले. काही दिवस सकाळचा बाहेर जात जा. दोन तास.”

मग विश्वेश रोज सातच्या आत घराबाहेर पडू लागला. पायात चपला अडकवायच्या, मालेगाव स्टँडावरून उतरून गंगेवर जायचं, गाडगे महाराज पुलाच्या खालच्या अंगाला पायऱ्यांवर बसायचं. थंडीचे दिवस होते. यात्रेकरू कुडकुडत डुबक्या मारायचे, पंचे पिळायचे. त्याच्या ओळखीचे एक-दोन गुरुजी हात करायचे. काय रे, आज इकडे? तो म्हणायचा, जरा फिरायला. पहिल्या दिवशी तो तासाभरात उठला आणि घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरला, कारण दोन तास झाले नव्हते. आपल्याच घरी जायला घड्याळ बघावं लागतंय, हे त्याला फार चमत्कारिक वाटलं.

दहा-बारा दिवसांनी एक सकाळ अशी आली की तो जिना चढत असतानाच त्याला आतून हसण्याचा आवाज आला. दार लोटून बघतो तर बाबा खुर्चीत बसलेले, न्हालेले, केस विंचरलेले. समोर जमिनीवर मोतीराम त्यांच्या पायाला तेल चोळत होता आणि गावातल्या कुठल्याशा रेड्याची गोष्ट सांगत होता. रेडा म्हणे लग्नाच्या मांडवात घुसला आणि नवरदेवाचे वडील झाडावर चढले. बाबा हसत होते. अर्धा चेहरा हसत होता, अर्धा तसाच. घशातून घरघर आवाज येत होता, डोळ्यांतून पाणी. तीन वर्षांत विश्वेशनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यानं त्यांना वेळच्या वेळी सगळं दिलं होतं, पण गोष्ट कधी सांगितली नव्हती. त्याला सुचलंच नव्हतं.

बाबांनी त्याला दारात पाहिलं आणि खुशीत म्हणाले, “ईशू!” आणि डाव्या हातानं मोतीरामकडे दाखवलं, की ऐक, हा काय सांगतोय.

“हो बाबा,” विश्वेश म्हणाला आणि आत जाऊन पलंगावर बसला. बराच वेळ तो हातांकडे बघत बसून राहिला. मग त्यानं सोमाला फोन लावला.

सोमा त्याच्याबरोबर पुण्याच्या अभ्यासिकेत होता. त्यानं परीक्षांचा नाद दोन वर्षांत सोडून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली होती, आणि आता तिथे सुपरवायझर होता. “ये की,” सोमा म्हणाला. “स्टोअरला माणूस पाहिजेच आहे. पगार काही फार नाही, बघ. पण मी सांगतो मालकांना.”

शिमग्याच्या आधी विश्वेश कामाला लागला. ट्रकमधून कागदाचे रीळ उतरवायचे, ते चलनाशी ताडून घ्यायचे, कुठे ठेवले ते लिहायचं. काम अवघड नव्हतं. नाशिकहून सिन्नर रोज जाऊन-येऊन करणारे पुष्कळ होते. द्वारका चौकातून बस होत्या, जीप होत्या. पण त्यानं सिन्नरलाच एक खोली घेतली. आईला सांगितलं, पहिली पाळी सातची असते, पोचणं व्हायचं नाही. आई थोडी रडली. आभाला मात्र मनापासून आनंद झाला. तिनं त्याला नवे बूट आणले, गाद्यांच्या दुकानात स्वतः जाऊन गादी घेऊन दिली. बसवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, “बघ दादा, मी म्हणत होते ना? आता तुझं सुरू झालं.”

पहिला पगार झाल्यावरच्या रविवारी तो घरी आला. पाकीट शर्टाच्या खिशात होतं. खोलीचं भाडं आणि खाण्यापुरते बाजूला काढून उरलेले सगळे त्यात घातले होते. जिना चढताना त्यानं ते दोनदा चाचपून पाहिलं. आई देवापाशी वाती वळत बसली होती. त्यानं नमस्कार केला आणि पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

“आई, हे घरात.”

आईनं पाकीट उघडून पाहिलं, डोळ्यांना लावलं, देवापुढे ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. आणि मग उचलून परत त्याच्या हातात दिलं. “पावलं रे बाबा. आता ठेव तुझ्याकडे. तुला तिकडे काय कमी खर्च आहे?”

“नाही, घे तू. मी ठरवूनच आणलेत.”

“अरे, इथे काही अडत नाही. आभा बघते सगळं. तू उलट साठव थोडे. उद्या लग्नाचं बघायचं म्हटलं तर चार पैसे गाठीशी नकोत?”

“आई, तू आभाचे घेतलेस की.”

गोदावरीबाई गोंधळल्या. त्यांना खरोखरच कळलं नाही की हा असा का बोलतोय. “तिला पगार जास्त आहे म्हणून घेतले,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडून काढून घेऊ का मी? तू तर आधीच केवढं केलंयस.”

विश्वेशनं पाकीट खिशात घातलं आणि गच्चीवर गेला. ऊन तापलं होतं. दोरीवर चादरी वाळत होत्या. थोड्या वेळानं आभा मागोमाग वर आली. “काय झालं रे? आई म्हणते, तू रागावलास.”

“नाही.”

“मग?”

त्यानं दोरीवरची सरकलेली चादर सारखी केली. मग जे त्यानं कधी स्वतःशीसुद्धा नीट जुळवून मांडलं नव्हतं ते एकदम बाहेर आलं. “पाणी माझ्याकडे होतं, ते तू काढलंस. पोळ्या काढल्यास. बाजार काढलास. बाबा काढलेस. एकेक काम पैसे देऊन दुसऱ्याला दिलंस. माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं आभा. मी काही फुकट राहत नव्हतो ह्या घरात.”

आभाचा चेहरा उतरला. “मी असं कधी म्हटलं?”

“नाही म्हटलंस. पण ‘घरात बसून’ म्हणालीस.”

“दादा, मी तुला मोकळं करत होते.”

“मला नव्हतं व्हायचं मोकळं.”

आभा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती रागानं बोलू लागली. “आणि माझं काय? बाबा पडले तेव्हा मी वीस वर्षांची होते. तू आलास आणि सगळं स्वतःकडे घेतलंस. दार लावून घ्यायचास तू त्यांच्या खोलीचं. मला म्हणायचास, तू अभ्यास कर. मला भीती वाटायची रे त्यांची. त्यांना हात लावायला भीती वाटायची, आपल्या हातून पडले तर? मी कधी शिकलेच नाही. तीन वर्षं मी त्यांना दारातून ‘बाबा, येते हं’ एवढंच म्हणत होते. पगार झाला तेव्हा वाटलं, आता निदान काहीतरी करता येईल आपल्याला त्यांच्यासाठी. मला तेवढंच येत होतं. पैसे देणं.”

विश्वेशला हे ठाऊक नव्हतं. दार तो बाबांना लाज वाटू नये म्हणून लावायचा. पण ते लावताना बाहेर कोण उभं आहे, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं. पण लहानपणानंतर तसं कधी केलं नव्हतं, म्हणून नुसता उभाच राहिला. खालून आईनं हाक मारली तेव्हा दोघं डोळे पुसून खाली गेले. संध्याकाळच्या बसनं तो परत सिन्नरला गेला. पैसे बँकेत भरले.

आषाढात मोतीराम आवणीसाठी, भाताची रोपं लावायला, गावी गेला. त्याची पेठजवळ दोन एकर भाताची खाचरं होती. पाऊस लागला की ब्युरोतली अर्धी माणसं अशीच पंधरा-वीस दिवस गायब होतात. आईनं हे सहज बोलता बोलता फोनवर सांगितलं तेव्हा विश्वेश ट्रकपाशी उभा होता. त्याच्या मनानं लगेच धाव घेतली. किती रजा शिल्लक आहे, सोमाला काय सांगायचं, संध्याकाळची पाच वाजताची बस. “मी येतो,” तो म्हणाला. “आज रात्रीपर्यंत पोचतो. बदली माणूस बघू नका.”

“अरे, तू कशाला?” आई म्हणाली. “आठ दिवस झाले त्याला जाऊन. आभा करतेय.”

“आभा?”

“हो ना. आणि छान करतेय रे. पहिल्या दिवशी घाबरली होती. आता दाढीसुद्धा करते. तिनं ऑफिसातून घरून काम करायचं मागून घेतलंय. हेही तिला काही त्रास देत नाहीत.” आईचा आवाज आनंदानं भरून आला होता. “म्हणते, दादाला सांगू नको, तो नोकरी सोडून येईल. म्हणून मी बोलले नव्हते.”

“बरं झालं,” विश्वेश म्हणाला. “चांगलं झालं.”

आणि त्याला खरोखरच चांगलं वाटलं. बहीण बापाच्या जवळ गेली होती, ती दारातून आत आली होती. हे त्याच्याच बोलण्यातून झालं होतं. त्यानं फोन खिशात ठेवला. ड्रायव्हर सही मागत होता. सही करताना कागदावर पावसाचे थेंब पडून शाई फुटली, आणि ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, दुसरी कॉपी काढू का?” तेव्हा त्याला कळलं की आपण आडोशाला न जाता पावसातच उभे आहोत.

श्रावणात तो घरी गेला. मोतीराम परत आला होता, पण सकाळची आंघोळ आता आभाच घालायची. मोतीराम उचलायला, चालवायला. बाबांची तब्येत बरी दिसत होती. एक नवा शब्द आला होता, ‘आभू’. आईनं तो त्याला हौसेनं म्हणवून दाखवला.

चहा झाल्यावर आई जरा अडखळत म्हणाली, “विश्वेश, एक विचारायचं होतं. आभाचं काम आता बरंचसं घरूनच असतं. हॉलमध्ये ह्यांचा टीव्ही, माणसांची ये-जा. तुझ्या खोलीत टेबल टाकायचं म्हणतेय ती. पलंग काढला तर जागा होईल.”

“काढा की,” तो म्हणाला. “मी महिन्यातून एकदा येतो, त्याच्यासाठी कशाला अडवून ठेवता?”

“आलास की गादी घालू ना खाली,” आभा घाईघाईनं म्हणाली. “टेबल कोपऱ्यातच ठेवणार आहे मी.”

“हो गं. चालेल.”

पाना घेऊन त्यानंच पलंग सोडवला. नट गंजलेले होते, तेल सोडून थोडा वेळ थांबावं लागलं. एकेक फळी सुटी झाल्यावर एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला आभा, असं करत दोघांनी सगळं गच्चीच्या जिन्याखाली नेऊन रचलं. परत आल्यावर त्यानं खोली झाडून घेतली. टेबल कुठे ठेवलं तर उजेड डावीकडून येईल, हेही तिला दाखवलं. आभा त्याच्याकडे बघत होती, तिला काहीतरी बोलायचं होतं. “दादा, तू रागावला नाहीस ना?” तिनं शेवटी विचारलं.

“वेडी आहेस का,” तो म्हणाला.

तो हात धुऊन बाबांच्या शेजारी जाऊन बसला. त्यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि मग पाचही बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवलास का? त्याच वेळी आतून आईनं विचारलं, “विश्वेश, जेवून जाणार आहेस ना? म्हणजे बायडाबाईंना सांगते तसं.”

“जेवून जातो,” तो म्हणाला.

पानं वाढली. रविवार म्हणून आईनं अळूवडी केली होती. त्याला पहिलं पान, त्याला गरम पोळी, त्याला साजूक तूप. तिकडे खायला नीट मिळत नसेल, म्हणून आई आग्रह करकरून वाढत होती. जेवण झाल्यावर तो सवयीनं ताटं गोळा करायला उठला, तसं आईनं त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. “राहू दे रे. बायडाबाई आहेत. चार घटका येतोस, बस जरा निवांत.”

तो परत खाली बसला. चार वाजता निघायचं होतं, त्याला अजून दीड तास होता. बाबांचा डोळा लागला होता, आभा आत टेबलाची मापं घेत होती. तो भिंतीला टेकून बसून राहिला, आणि चार वाजायच्या बरंच आधी उठून, बस चुकेल म्हणून, निघाला.